कागदावर मी आठला सुटले

अकरा वर्षं अँब्युलन्सच्या मागच्या भागात बसून काढली, त्यामुळे पनवेल मला डोळ्यांपेक्षा कमरेला जास्त ठाऊक आहे. मागच्या खिडक्यांना दुधी काचा असतात. बाहेरचं काही दिसत नाही, आणि पेशंटकडे तोंड करून आडवं बसायचं असल्यामुळे गाडी कुठे चालली आहे हेही पाहता येत नाही. रस्ता मी खड्ड्यांवरून ओळखते. लागोपाठ तीन गतिरोधक आले की कामोठे. लांबलचक वळण घेत गाडी कलली की खारघरचा पूल. आणि गाडी नुसतीच थरथरत उभी राहिली की समजायचं, उलवे आलं. तिथे बांधकामाचे डंपर सायरन ऐकून आणखी आडवे होतात. नातेवाईक मला म्हणतात, तुझं बरं आहे, रोज फिरायला मिळतं. मी म्हणते, हो, डब्यातलं लोणचंही फिरतंच की.

मी आयुर्वेदाची डॉक्टर. पदवी घेतली तेव्हा आईने पनवेलच्या बाजारातल्या आपल्या पाटीतलं शेवटचं पापलेट शेजारणीला फुकट दिलं होतं. आई उरणकडची कोळीण. मासळी विकून तिने मला शिकवलं आणि त्या शिकवण्यामागे तिचं एकच चित्र होतं: रस्त्यावर एक गाळा, गाळ्यावर पाटी, पाटीवर माझं नाव, आणि बाहेर बाकड्यावर बसलेले पेशंट. ती मधूनमधून विचारायची, "बाय, तुजा दवाखाना कवा होनार?" मी म्हणायचे, सहा महिने अँब्युलन्सवर काढते, जरा हात बसू दे, मग बघू. ते सहा महिने अजून चालू आहेत.

या कामाचं प्रशिक्षण थोड्या दिवसांचं होतं, पण कडक होतं. कमरेपासून खाली काहीच नसलेली एक रबरी बाहुली होती, तिची छाती दाबून दाबून आमचे तळहात सोलून निघाले. नुसतं दाबायला काय लागतं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला चालत्या गाडीत उभं करून तेच करायला लावलं आणि चालकाला सांगितलं, ब्रेक मारत चालव. मी बाहुलीवरच पडले. गुडघे सैल ठेवायचे, एक पाय स्ट्रेचरच्या चाकामागे अडकवायचा, वरच्या दांड्याला हात न लावता तोल सांभाळायचा, हे सगळं तेव्हा शिकले. चालत्या गाडीत शीर शोधायची, सलाईन लावायची, आणि त्याच वेळी नातेवाइकांना गप्प बसवायचं. ते डॉक्टर एक वाक्य सारखं म्हणायचे. "मागे डॉक्टर नसेल तर ती अँब्युलन्स नाही, पांढरा टेम्पो आहे." म्हणून तुमच्या जागेवर येणारा माणूस गाडीत पाय ठेवेपर्यंत तुम्ही उतरायचं नाही. ताप असो, लग्न असो, उतरायचं नाही.

आता ज्याच्यामुळे सगळं झालं ते सांगते. गाडीत एक टॅब असतो. ड्यूटीवर आलेल्या डॉक्टरने त्यात आपला नंबर टाकून हजेरी लावायची आणि जाताना काढायची. ज्याची हजेरी, त्याच्या नावावर कॉल. आमची पाळी बारा तासांची, आठ ते आठ. माझ्या जागेवर येणारे डॉक्टर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. कामोठ्यात त्यांचा छोटा दवाखाना आहे. सकाळी सातला तो उघडून दहा-बारा पेशंट तपासायचे आणि मग अँब्युलन्सवर यायचं, असा त्यांचा क्रम. त्यामुळे आठ म्हणजे सव्वाआठ, कधी साडेआठ. आठला पाच कमी असताना त्यांचा फोन यायचा: "मॅडम, निघालोच आहे. जरा माझी हजेरी लावून टाका ना." मी माझी काढायचे, त्यांची लावायचे आणि ते येईपर्यंत गाडीत बसून राहायचे. त्यांचा पासवर्ड मला माझ्या पासवर्डइतकाच पाठ होता.

हे फक्त मीच करत होते असं नाही. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या दिवशी त्यांनी माझ्या नावाने दोन तास गाडी सांभाळली होती, आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वर आईसाठी शहाळी पाठवली. आमच्यात याला सांभाळून घेणं म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही लबाडी वाटेल, आणि ती आहेच. पण बारा-बारा तासांच्या पाळ्यांमध्ये माणसं टिकतात ती अशा लबाडीवरच. वरून कधी चौकशीचा फोन आला तर दोघांनी एकच सांगायचं, हे कोणी कोणाला न सांगता ठरलेलं होतं.

यंदा मी सरकारी आरोग्य केंद्रातल्या कायम नोकरीसाठी अर्ज केला. निवड यादीत नाव आलं. खरं सांगते, यादी बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. जमिनीवर उभी असलेली खोली, उघडणारी खिडकी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं. मला एवढंच हवं होतं. आता फक्त मूळ कागद दाखवायचे होते. अलिबागला, ठरलेल्या दिवशी, अकरा ते एक. गैरहजर राहिल्यास निवड रद्द, असं पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं. आणि पुढच्या वर्षी मी वयाच्या मर्यादेबाहेर जाणार होते, म्हणजे जे काही व्हायचं ते त्या दोन तासांत.

हे मी आईखेरीज कोणालाही सांगितलं नाही. त्याआधी एकदा मी एका खासगी दवाखान्यातल्या नोकरीचं सगळ्यांना सांगितलं होतं. ती हुकली, आणि पुढचं वर्षभर प्रत्येक पायलट मला विचारायचा, "मॅडम, अजून आमच्यातच?" (आम्ही अँब्युलन्सच्या चालकाला पायलट म्हणतो. विमानतळ यायच्या कितीतरी आधीपासून.) म्हणून या वेळी तोंड शिवून बसले. रजाही मागितली नाही, कारण रजेला कारण सांगावं लागतं. आदल्या दिवशी रात्रपाळी होती. सकाळी आठला सुटायचं, साडेआठची एसटी पकडायची, अकराच्या आत अलिबाग. कागदांची फाइल पिशवीत घालून मी ती गाडीतच ठेवली होती, बाळंतपणाच्या किटखाली, कोणाला दिसू नये म्हणून.

त्या सकाळी आठला पाच कमी असताना फोन आला. "मॅडम, कळंबोलीच्या सर्कलला पोचतोय. दहा मिनिटं. हजेरी लावा ना." इतर दिवशी मी नाइलाजाने लावायचे, त्या दिवशी मात्र आनंदाने लावली. माझा हिशेब असा होता की माझी हजेरी चालू असताना कॉल आला तर तो माझ्या गळ्यात पडणार. त्यांची लावून टाकली की कॉल त्यांचा, मी मोकळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच. आठच्या ठोक्याला मी कागदावरून सुटले.

आठ वाजून बारा मिनिटांनी टॅब वाजला. बाळंतपण, उलवे, तिसरी खेप, कळा सुरू. डॉक्टर म्हणून त्यांचं नाव. गाडीत मी.

दिवसपाळीचा पायलट तासाभरापूर्वीच आला होता. उलव्याच्या बाजूचाच, जवळच्या गावातला. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सर नाय आले अजून. थांबू काय?"

थांब म्हणायला फक्त दोन अक्षरं लागतात. मी पिशवीवर हात ठेवून मनात बेरीज करत होते. जायला पंचवीस मिनिटं, उचलायला दहा, दवाखान्यात आणायला अर्धा तास. सव्वानऊला मोकळी. साडेनऊची गाडी, सव्वाअकराला अलिबाग. कागद एकपर्यंत घेणार. जमतंय. आणि नाही म्हटलं तर काय सांगणार होते? डॉक्टर गाडीत नाही? टॅबमध्ये तर आहे. मी आहे असं सांगू? मी तर केव्हाच गेले. मी म्हटलं, "चला दादा, पण जरा दाबून."

सरांना फोन लावला. ते बिचारे ओशाळले. "अरे बापरे. मॅडम, तुम्ही आणा पेशंट, मी सरळ दवाखान्याच्या गेटावर येऊन उभा राहतो. तिथेच गाडी ताब्यात घेतो." तेव्हा मी सांगायला हवं होतं की मला एकच्या आत अलिबागला पोचायचं आहे. मी म्हटलं, "या सर, मला जरा काम आहे." एवढंच.

उलव्यात एका अर्धवट उभ्या इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. पोटुशी बाई तिथे काम करणारी, डोंगराकडच्या वाडीवरून कामाला आलेली. बरोबर तिची आई. नवरा दुसऱ्या साइटवर. बाई स्वतः चालत गाडीपर्यंत आली, पायरीवर थांबून एक कळ दाताखाली दाबली आणि स्ट्रेचरवर चढली. मी तपासलं. तिसरी खेप होती, आणि बाळाला घाई होती. मी पायलटला म्हटलं, सायरन बंद करू नका आणि थांबू नका.

दहाव्या मिनिटाला गाडी थांबली. मला नेहमीप्रमाणे काही दिसत नव्हतं. गाडी थरथरत उभी होती, म्हणजे काय ते कळलं. मधल्या छोट्या खिडकीतून पायलट ओरडला, "मॅडम, डंपर आडवा झालाय वळणावर. दोन्ही बाजू बंद. मागं पण घेता येत नाय." सायरन वाजत होता, आणि उभ्या गाडीत सायरन ऐकत बसण्याइतकं मूर्ख दुसरं काही वाटत नाही.

बाईच्या आईने माझा दंड धरला. तिला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. "बाय, तू डाक्टर हाय ना? मंग जाऊ नको कुठं." जायला जागा कुठे होती? पुढे दुधी काच, मागे दुधी काच, मध्ये तीन बायका. मी तिला म्हटलं, "आजी, पाय धरा तिचे आणि तिच्याशी बोला." किट काढताना खालची पिशवी सरकली आणि माझी फाइल जमिनीवर पडली. ती उचलायला तेव्हा हात मोकळा नव्हता.

साडेनऊच्या सुमारास मुलगी झाली. रडली नाही. रंग जांभळट, अंग सैल. माझ्या बाहुलीच्या प्रशिक्षणात एक छोटी बाहुलीही होती, आणि तिच्यावर श्वास देण्याचा फुगा दाबताना मी नेहमी जास्त जोर लावायचे म्हणून बोलणी खायचे. ते बरोबर त्याच क्षणी आठवलं. पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, छोटा मास्क लावून दोन बोटांनी फुगा दाबला. एक. दोन. तीन. आजी काहीतरी पुटपुटत होती. पायलटने न सांगता सायरन बंद केला. मग मुलीने नाक मुरडलं आणि असा काही सूर लावला की बाहेरच्या कोणीतरी गाडीवर थाप मारली. मी हसले. रात्रभर जागी होते, उशीर झाला होता, तरी हसले. या कामात असे क्षण मिळतात म्हणूनच माणूस सुटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा रागही येत होता.

पण रक्त थांबेना. वार पडली होती, गर्भाशय मात्र आवळत नव्हतं. मांडीत इंजेक्शन दिलं आणि पोटावर तळहात ठेवून चोळायला सुरुवात केली. याला दुसरा उपाय नाही. हात उचलला की पोट पुन्हा सैल पडतं आणि रक्त सुरू होतं. म्हणजे एक हात तिच्या पोटावर खिळलेला, दुसऱ्याने सलाईन, आणि माझ्या खिशातला फोन वाजतोय. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मला माहीत होतं, आई असणार. पायाशी माझी फाइल पडली होती आणि तिच्या एका कोपऱ्यावर पाणी सांडलं होतं. मी पायाच्या अंगठ्याने ती ओढून बाकाखाली सरकवली. घड्याळ समोरच होतं, पावणेदहा, मग दहा, मग दहा वाजून पाच. बाईने डोळे उघडून विचारलं, "पोरगी हाय का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "असू दे." आणि पुन्हा डोळे मिटले. मी तिला गालावर टिचकी मारून जागं ठेवत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं. तिच्यावर नाही, कोणावरच नाही. नुसतंच.

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी हलली. दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्त ताब्यात आलं होतं, आई आणि मुलगी दोघी आत गेल्या, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, वेळेवर झालं सगळं. सर गेटावर उभे होते. मी केसपेपर त्यांच्या नावाने भरला. प्रसूती करणारे डॉक्टर, त्यांचं नाव. इंजेक्शन देणारे डॉक्टर, त्यांचं नाव. खाली त्यांनी सही केली आणि माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मॅडम, मला पंधरा वर्षांत बाळंतपण करायची वेळ आली नव्हती. मी असतो तर काय झालं असतं कोण जाणे. जा तुम्ही. इथलं काही असलं तर मी सांभाळतो." मी रिक्षा पकडली.

पनवेलच्या स्टँडवर बायकांच्या बाथरूममध्ये कुर्ता बदलला. सव्वाअकराची गाडी मिळाली. बसल्यावर आईला फोन लावला. ती म्हणाली, "झाला का?" मी म्हटलं, अजून रस्त्यात आहे. मग म्हणाली, "खाल्लंस का काय?" आईला काही लपवायचं असलं की ती जेवणाचं विचारते. बसमधून सरांना एक फोन करून सगळं खरं सांगता आलं असतं. तीनदा नंबर काढला. पण आधी कागद हातात येऊ दे, मग पेढे घेऊनच सांगू, असं म्हणून तीनदा फोन पर्समध्ये टाकला. पेणच्या पुढे गाडी रांगेत अडकली. मी अलिबागच्या त्या कार्यालयात शिरले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

टेबलामागचे अधिकारी डबा उघडायच्या बेतात होते. माणूस वाईट नव्हता. अकरा वर्षांत मला इतकं तरी समजतं. मी सांगितलं, साडेदहापर्यंत अँब्युलन्सवर होते, उलव्याहून येताना गाडीतच बाळंतपण झालं. माझ्या नखांच्या कडांना अजून रक्त होतं. त्यांनी ते पाहिलं. डबा बाजूला सारला आणि म्हणाले, "मॅडम, वेळ उलटली आहे, पण अत्यावश्यक सेवेत होतात असं कोणी सांगितलं तर मी शेरा मारून तुमचं नाव ठेवू शकतो. यादी दोनला वर जाते. लेखी पत्र नंतर आणा. आत्ता तुमच्या ऑफिसातून कोणी फोनवर सांगेल का, की तुम्ही साडेदहापर्यंत गाडीवर होतात?"

ऑफिसात टॅबची नोंद बघितली असती तर मी आठला घरी गेले होते. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मी म्हटलं, "ज्यांनी मला साडेदहाला सोडवलं, त्या डॉक्टरांना विचारा." आणि नंबर मीच सांगितला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वाटलं, ते दवाखान्याच्या गेटावर उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तरी खरं सांगतील.

साहेबांनी टेबलावरच्या कार्यालयीन फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मी पर्समधला माझा फोन शोधत होते, निदान दोन शब्दांचा मेसेज टाकावा म्हणून. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "हॅलो?"

"सरकारी कार्यालयातून बोलतोय. तुम्ही अँब्युलन्सवरचे डॉक्टर ना? आज सकाळी गाडीवर कोण होतं?"

उत्तर देण्याआधी ते काय विचार करत होते हे मला शब्दन् शब्द कळत होतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"मी होतो, साहेब," सर म्हणाले. "आठपासून."

"आणि तुमच्या आधीच्या मॅडम?"

"सर," मी म्हटलं. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम आठच्या ठोक्याला गेल्या. आमच्याकडे वेळेचं फार कडक असतं, साहेब. मॅडम तर अकरा वर्षांत एकदाही नियमाबाहेर गेलेल्या नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी काही सांगितलं असेल तर ते खोटं आहे."

"उलव्याचं बाळंतपण?"

"मीच केलं. माझी सही आहे पेपरवर."

साहेबांनी आभार मानून फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते जास्त लागलं. ते म्हणाले, "मॅडम, गाडी चुकली असं सांगितलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. खोटं कशाला?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगता येत होतं. हजेरी मी लावली, सही त्यांची, हात माझे. पायलट साक्षीला होता, उलव्याची ती बाई होती, आजी होती. पण ते सांगणं म्हणजे एका सरकारी टेबलासमोर बसून तिघांच्या पोटावर पाय देणं. सर, पायलट आणि मी. आणि एवढं करून ज्या डॉक्टरने दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावली, दुसऱ्याच्या नावाने केसपेपर भरला, तिला कायम नोकरी कोण देणार होतं? आपलेच दात, आपलेच ओठ. मी तोंड मिटलं. साहेबांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं, फाइल माझ्याकडे सरकवली आणि डबा पुन्हा जवळ ओढला.

बाहेर व्हरांड्यात मी एका खांबाला टेकून उभी राहिले. समुद्राचा वारा येत होता आणि तो मला नको होता. आईला काय सांगायचं ते ठरवत होते तेवढ्यात फोन वाजला. सर होते. आवाज दबका आणि खूश.

"मॅडम, कोणीतरी चौकशी करत होतं. सरकारी लँडलाइन होती. बहुतेक कोणीतरी तक्रार केली असणार आपली. पण मी बरोबर ठणकावून सांगितलं. मॅडम आठला गेल्या म्हणजे आठला गेल्या. शेवटपर्यंत शब्द बदलला नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

त्यांना धाप लागली होती. एवढं खोटं बोलायची त्यांना सवय नाही. माझ्यासाठी बोलले होते.

"थँक यू, सर," मी म्हटलं, आणि उद्या रात्री आठची ड्यूटी माझीच आहे ना, ते विचारून घेतलं.